जखमांचे फोटो डॉक्टरांच्या मोबाईलवर का राहावेत?

कृष्णाकाठ (मिरज): सर्जरीच्या वॉर्डात काम करतो. डायबेटिक फूट, भाजलेले, ऊसतोडीत कोयता लागलेले असे पेशंट. दर ड्रेसिंगला फोटो निघतो आणि ज्याच्या मोबाईलने काढला त्याच्याकडेच राहतो. रेसिडेंटची पोस्टिंग बदलली की फोटोही गेले. एक्स-रे आणि सीटी पॅक्सवर (रुग्णालयाच्या प्रतिमा साठवायच्या संगणक यंत्रणेवर) जपून ठेवतो, मग जखमेचा फोटो केसपेपरचा भाग का नाही? विभागाच्या नेटवर्कवर सामाईक फोल्डर हवा, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवं. फोटो त्याच दिवशी तिथे चढवायचा आणि मोबाईलवरून पुसायचा.

रात्रपाळी: सर, राग मानू नका, पण हे दिवसा बोलायला सोपं आहे. रात्री दोनला जतहून पेशंट येतो, पाय सुजून टणक, बोट दाबलं की कातडीखाली करकर लागते. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला की पाच मिनिटांत बॉसचा फोन येतो, ‘ओटी (ऑपरेशन थिएटर) लावा, मी निघालो’. वॉर्डातला फोल्डर त्यांना घरून दिसणार आहे का?

कृष्णाकाठ: निरोपाला माझी ना नाही, साठवणुकीला आहे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं, मूळ फोटोत नोंदलेली काढल्याची वेळही जाते. जखमेची कड कालच्यापेक्षा काळवंडली की प्रकाशच कमी होता, हे पंधरा दिवसांनी त्यावरून कसं ठरवायचं? शिवाय गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर तोच फोटो डॉक्टरांच्या खाजगी खात्यात, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो.

नेटवर्कवाला (सांगली): नुसता फोल्डर शेअर केला म्हणजे सुरक्षित झाला, असं कृपा करून समजू नका. २०१७ साली वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या त्रुटीतूनच, ब्रिटनमधली रुग्णालयं त्यात अडकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले आणि बरेच दिवस काम कागदावर चाललं. आपल्याकडे तर अख्ख्या विभागाचा पासवर्ड एकच, तोही मॉनिटरला चिकटवलेला! रेड, म्हणजे एकच माहिती दोन डिस्कवर ठेवायची सोय, लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. एक डिस्क गेली तर ते वाचवतं, पण कुणी फाईल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून जाते. नेटवर्कपासून तोडून ठेवलेली वेगळी प्रत लागतेच. आणि सर्व्हर तळमजल्यावर नको. २००५, २०१९, २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावाला हे सांगावं लागू नये, तरी सांगतो.

ड्रेसिंगवाल्या सिस्टर: तुम्ही सगळे यंत्राचं बोलताय. भाजलेली बाई ड्रेसिंग सोडताना विचारते, “सिस्टर, ह्यो फोटो कोन कोन बघनार?” तिला काय सांगू? डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं असं समजतात, पण हनुवटीवरचं गोंदण तसंच दिसतं, उशाच्या कागदावरचं नाव-गाव तसंच दिसतं. ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय जर्नलमध्ये छापू नये, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. मग कॉन्फरन्सच्या स्लाईडवर तो चालतो कसा? उपचारासाठी एक संमती, शिकवण्यासाठी वेगळी, आणि नाही म्हणाली तरी ड्रेसिंगमध्ये फरक पडणार नाही हे तिला तिच्या भाषेत आधी सांगायचं. ते होत नाही तोवर फोल्डरही नको नि ग्रुपही नको.

रात्रपाळी: सिस्टर, संमतीचं शंभर टक्के मान्य. पण बेशुद्ध पेशंटच्या वेळी थांबता येत नाही. आणि सर, वॉर्डात कॉम्प्युटर एकच. सकाळी त्याच्यावर डिस्चार्ज कार्डांची रांग. केबल लावून, आयपीडी (भरती पेशंटचा) नंबर घालून फोटो चढवायचे कुणी? इंटर्ननेच ना? एक नंबर चुकला तर एकाचा पाय दुसऱ्याच्या केसपेपरवर जाईल.

कृष्णाकाठ: नंबरचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून आधी पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा फोटो, मग मोजपट्टी धरून जखमेचा. ड्रेसिंग रूममध्ये विभागाचा एक मोबाईल ठेवू, सिम नसलेला, वॉर्डच्या वायफायवरून थेट सर्व्हरवर चढवणारा. बॉसना घरून बघायला व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता.

नेटवर्कवाला: कोणी कधी उघडला त्याची नोंदही चालू ठेवा. आणि ती नोंद दर महिन्याला बघणारा माणूस आधी ठरवा.

रात्रपाळी: तो मोबाईल आणि व्हीपीएन चालू करा, पहिला फोटो मी चढवतो. तोवर रात्रीचा फोटो माझ्याच मोबाईलवरून जाणार, पाय वाचवायचा असतो.