‘बॅकहॉल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : छोट्या मोबाइल केंद्रांच्या जाळ्यांविषयीच्या एका लेखाचे मराठी रूपांतर करताना ‘हाय फ्रिक्वेन्सी वायरलेस बॅकहॉल’ यासाठी मी ‘उच्च वारंवारतेचे बिनतारी परतवहन’ असे लिहिले आहे. ही शब्दयोजना योग्य आहे का?

पहिले उत्तर : ‘परतवहन’ टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मालवाहतुकीत माल उतरवून माघारी येणाऱ्या ट्रकला मिळणारे परतीचे भाडे म्हणजे बॅकहॉल, आणि तेथे ‘परत’ हा अर्थ अगदी नेमका आहे. दूरसंचारात मात्र दिव्याच्या खांबावर किंवा इमारतीच्या भिंतीवर बसवलेल्या छोट्या केंद्राला कंपनीच्या मुख्य जाळ्याशी जोडणाऱ्या दुव्याला हे नाव आहे, आणि त्यातून माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांनी जाते. कालव्यावरून ‘वितरिका’ हा शब्दही कोणाला सुचेल. पण वितरिकेचे पाणी शेताकडून कालव्याकडे कधी येत नाही, त्यामुळे तोही येथे अपुरा पडतो.

मला ‘पाठदुवा’ हा शब्द पटतो. पाठबळ, पाठराखण, पाठिंबा या शब्दांत ‘पाठ’ म्हणजे मागे उभे राहून दिलेला आधार, आणि या दुव्याचे काम तेच आहे : ग्राहकाला तो दिसत नाही, पण तो अरुंद असेल तर केंद्र कितीही आधुनिक असले तरी फोनवरचा वेग वाढत नाही. शिवाय ‘फ्रंटहॉल’ (अँटेनाजवळच्या रेडिओ यंत्राला संकेत हाताळणाऱ्या यंत्राशी जोडणारा दुवा) आणि ‘मिडहॉल’ (त्यापुढचा, मुख्य जाळ्याच्या अलीकडचा मधला दुवा) यांसाठी अग्रदुवा आणि मध्यदुवा असे शब्द त्याच साच्यात बसतात.

‘उच्च वारंवारता’ याबद्दल माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेडिओशास्त्रात ‘हाय फ्रिक्वेन्सी’ ही संज्ञा 3 ते 30 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यासाठी, म्हणजे लघुलहरींच्या प्रक्षेपणासाठी, ठरलेली आहे. आपल्या लेखातला विषय बहुधा 60 गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा व्ही-बँड किंवा 71 ते 76 आणि 81 ते 86 गिगाहर्ट्‌झचा ई-बँड असणार. तेथे तरंगलांबी साडेतीन ते पाच मिलिमीटर भरते, म्हणून ‘मिलिमीटर तरंगांचा बिनतारी पाठदुवा’ असे लिहिल्यास वाचकाचा गैरसमज होणार नाही.

दुसरे उत्तर : ‘पाठदुवा’ मलाही मान्य आहे, मात्र पहिल्या उल्लेखात सोबत ‘बॅकहॉल’ अवश्य द्यावे, कारण मनोऱ्यावर चढणारे तंत्रज्ञ बॅकहॉल, लिंक, हॉप (दोन मनोऱ्यांमधला एक टप्पा) असेच बोलतात. ‘फ्रिक्वेन्सी’साठी मराठी विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे आणि शालेय पुस्तकांत ‘वारंवारता’; सामान्य वाचकासाठी ‘वारंवारता’ हा शब्द घ्यावा आणि संपूर्ण लेखात तोच ठेवावा.

व्ही-बँड आणि ई-बँड या दोन पट्ट्यांना एकाच वाक्यात गुंफताना मात्र जपावे, कारण त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. 60 गिगाहर्ट्‌झजवळ हवेतला ऑक्सिजनच तरंग शोषून घेतो आणि समुद्रसपाटीला दर किलोमीटरला सुमारे 15 डेसिबलची (डेसिबल हे संकेताच्या ताकदीतली घट मोजण्याचे एकक) घट होते. त्यामुळे हा पट्टा काही शे मीटरच्या दुव्यांना सोयीचा असतो, आणि दूरच्या दुव्यांना परस्परांचा अडथळाही कमी होतो. ई-बँडमध्ये ऑक्सिजनमुळे होणारी घट किरकोळ आहे, पण तेथे पाऊस आडवा येतो : तासाला 100 मिलिमीटर या वेगाने सर कोसळत असेल, तर दर किलोमीटरला 30 डेसिबलच्या आसपास घट होते. कोकणातल्या पावसाळ्याचा विचार करता हा तपशील मराठी लेखात यायलाच हवा. भारतात 2022 मध्ये 5जी लिलावाला मंजुरी देताना केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-बँडमधील प्रत्येकी 250 मेगाहर्ट्‌झच्या दोन वाहकलहरी (कॅरियर, म्हणजे वापरासाठी दिलेले तरंगपट्ट्याचे तुकडे) दूरसंचार कंपन्यांना तात्पुरत्या देण्याचे ठरवले, तेव्हा हा विषय आपल्यासाठी परका राहिलेला नाही.

या घटीला ‘क्षीणन’ म्हणावे. ‘पावसात दुवा तुटतो’ हे वाक्य सरसकट लिहू नये. सर वाढली की यंत्रणा अधिक सोपी, पण संथ संकेतपद्धती स्वीकारते, म्हणून बहुतेक वेळा ‘पाठदुवा मंदावला’ असेच म्हणणे बरोबर ठरते, आणि ‘तुटला’ हे क्रियापद संपर्क पूर्ण थांबला असेल तेव्हाच वापरावे.