वहाळाकाठचा कललेला आंबा
प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या परसालगतच्या वहाळाने यंदा काठ इतका खरवडला, की जुन्या आंब्याची मुळे हातभर उघडी पडून खोड गोठ्याकडे कलले आहे. काय करावे?

उत्तर: कल जुना असल्यास शेंडा वर वळलेला दिसतो, परंतु कलाच्या विरुद्ध बाजूस बुंध्याजवळ ताजी भेग असेल, तर मुळे सुटत आहेत असे समजून गुरे आजच हलवावीत.

प्रश्नकर्ता: भेगेत बोट जाते. गुरे हलवली.

उत्तर: आंबा १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे तोडण्यास परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, असल्याने तोडण्याच्या परवानगीसाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे त्वरित लेखी अर्ज करावा.

झाड तोडले तरी बुंधा उपटू नये, कारण उरलेली मुळे काही वर्षे माती धरून ठेवतात, तोवर वाळा आणि निर्गुडी रुजवावी.