सरकारी नोकराचं मालमत्ता पत्रक मागितलं, उत्तर आलं ‘वैयक्तिक माहिती’. पुढं काय करू?

मलप्रभाकाठ:

नमस्कार. बेळगाव-खानापूर भागातल्या जाणकारांनी सांगावं.

माझे वडील दोन वर्षांमागं वारले. पावणेदोन एकर भाताचं शेत, आई आणि आम्ही दोघी बहिणी. वारसा करून उताऱ्यावर आमची नावं चढवायची म्हणून अर्ज दिला, त्याला आता अकरा महिने झाले. भांडण कुणाशी नाही, हरकत कुणाची नाही. कचेरीचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही. तिथला एक कर्मचारी दर वेळी नवीन कागद सांगतो, आणि दिवाळीच्या आधी त्यानं सरळ आठ हजार ‘खर्च’ सांगितला. आई म्हणाली, देऊन टाकूया, एकदाचं मिटू दे. मी नको म्हटलं. मी शिवणकाम करते. एका ब्लाऊजची शिलाई दीडशे रुपये. आठ हजार म्हणजे पन्नासाच्या वर ब्लाऊज, आणि तेही ज्या कामाचा त्याला पगार मिळतो त्या कामासाठी.

त्या माणसाचं तीन मजली घर उभं राहिलंय. दोन प्लॉट आहेत असं सगळे म्हणतात. मला वाटलं, सरकारी नोकर दरवर्षी आपली मालमत्ता खात्याला लिहून देतो, तर ते पत्रकच मागूया. शेजारच्या मुलाकडून कन्नडमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेतला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. मला कन्नड बोलता येतं, वाचताना मात्र अडखळते. पण पहिल्याच ओळीतले दोन शब्द लगेच वाचता आले, कारण दोन्ही भाषांत ते एकच आहेत: वैयक्तिक माहिती. खाली कलम 8(1)(जे).

मला खरंच कळत नाही. आमच्या आमदारांची सगळी मालमत्ता मी फोनवर बघितली. बायकोच्या नावावर सोनं किती, कर्ज किती, गाडी कुठली, सगळं आहे. मग ज्याच्या टेबलावर माझी फाईल अडकलीय त्याचं का नाही? आणि आता मी करायचं काय?

निवृत्त एफडीए, टिळकवाडी:

ताई, आठ हजार दिले नाहीत हे चांगलं केलंत. ते तसंच ठेवा. सविस्तर लिहितो, कारण मी चौतीस वर्षं कर्नाटक सरकारच्या नोकरीत होतो, निवृत्त झालो तो एफडीए म्हणजे प्रथम दर्जा सहायक म्हणून, आणि हे पत्रक स्वतः दरवर्षी भरलंय.

आधी आमदारांचं. ते उघड आहे कारण सर्वोच्च न्यायालयानं 2 मे 2002 ला निकाल दिला की उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे मतदाराला कळलंच पाहिजे. सरकारनं कायदा बदलून त्यातलं बरंच वगळायचा प्रयत्न केला, तो 13 मार्च 2003 ला न्यायालयानं रद्द केला. तेव्हापासून शपथपत्र भरल्याशिवाय निवडणूक लढवता येत नाही. शिवाय आपल्या राज्यात 1984 चा लोकायुक्त कायदा आहे. त्याच्या कलम 22 प्रमाणे आमदार-मंत्र्यांनी दरवर्षी 30 जूनच्या आत स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता लोकायुक्तांना कळवायची. नाही कळवली तर आधी वर अहवाल जातो, आणि त्यानंतर दोन महिन्यांतही दिली नाही तर लोकायुक्तांनी त्यांची नावं तीन वर्तमानपत्रांत छापायची. पण त्याच कलमात तीन शब्द आहेत: सरकारी नोकर सोडून.

सरकारी नोकर आपलं पत्रक खात्याला देतो, वर्तणूक नियमांप्रमाणे. सर्व्हे नंबर, क्षेत्र, कुणाच्या नावावर, कशी मिळाली, पैसा कुठून आला, हे सगळं भरायचं. मी आजोबांची एक एकर वीस गुंठे दरवर्षी लिहीत होतो. 1998 साली प्लॉट घेतला तेव्हा सोसायटीच्या कर्जाचा कागद जोडला. चौतीस वर्षांत त्या पत्रकावरून मला एकदाही कुणी एक प्रश्न विचारला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानंही तसंच भरलं, त्यालाही विचारलं नाही, आणि त्याला विचारायला हवं होतं. पत्रकं घेतली जातात, गठ्ठ्यात बांधली जातात. ती वाचणारा कुणी नसेल तर भरून घ्यायची कशाला? मला हे आजही टोचतं.

आता तुमच्या उत्तराचं मूळ. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयानं 3 ऑक्टोबर 2012 ला सांगितलं की नोकराची मालमत्ता, आयकर विवरण, त्याला मिळालेले मेमो ही वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवलं तरच देता येईल. त्या दिवसापासून प्रत्येक कचेरीत हा निकाल ढालीसारखा वापरला जातोय. तरीही तेव्हा कलमातच जनहिताचं दार होतं. शेवटी एक ओळही होती: जी माहिती संसदेला किंवा विधानसभेला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं हे दोन्ही काढून टाकलं, आणि तो बदल नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला. आता कलम एवढंच म्हणतं की वैयक्तिक माहिती देणं बंधनकारक नाही. उरलंय ते कलम 8(2): जनहित मोठं असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. अपिलात याच कलमावर बोट ठेवा. पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत माहिती आयोगाकडं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. बेळगावचे डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, आयएएस. आयएएस अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची पत्रकं केंद्र सरकार 2011 पासून संकेतस्थळावर टाकत आलंय. 5 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच्या न्यायाधीशांची मालमत्ता संकेतस्थळावर ठेवली. म्हणजे वरचं दिसतं. ज्याच्याशी शेतकऱ्याची रोज गाठ पडते त्याचंच दिसत नाही.

चिक्कोडीची सून:

ताई, तुमच्यावर अन्याय होतोय, त्यात शंका नाही. पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिते. माझे मिस्टर सरकारी नोकरीत आहेत. लाच घेत नाहीत, हे मी घरात बसून बघतेय. तीन वर्षांमागं गावातल्या एका माणसानं त्यांच्या मालमत्तेची माहिती मागणारे अर्जावर अर्ज टाकले, आणि मग घरी येऊन म्हणाला, अर्ज मागं घेतो, माझ्या भावाचं काम करा. त्या पत्रकात सासऱ्यांची जमीन आहे, जिच्यावर दिरांशी वाटणी चाललीय. माझ्या माहेरचं सोनं आहे. ते गावभर फिरलं असतं तर घरात काय झालं असतं ते मलाच माहीत. आम्ही निवडणुकीला उभे नव्हतो.

एकूण किंमत, किती वाढली, कुठून वाढली, एवढं सगळ्यांना दाखवा, माझी ना नाही. पण सर्व्हे नंबर आणि बायकोच्या अंगावरचं सोनं चव्हाट्यावर नको.

शिवारवाट, येळ्ळूर:

वहिनी, तुमच्याकडं जो आला तो खंडणीखोरच, त्याची तक्रार व्हायला हवी होती. पण एक सांगतो. सर्व्हे नंबर तसेही लपलेले नाहीत. सरकारच्या ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर तालुका, होबळी, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की कुणाचाही उतारा दिसतो. माझ्या भाताच्या शेताचा उतारा जगाला दिसतो. मी काही कुणाकडून पगार घेत नाही, तरी दिसतो. मग जनतेच्या पैशातून पगार घेणाऱ्याचं एकत्र पत्रक दिसलं तर घर मोडेल, हे मला पटत नाही. सोन्याचं तुमचं म्हणणं मात्र पटतं.

मलप्रभाकाठ अक्का, आता तुमच्यासाठी. तुम्ही चुकीच्या दारावर डोकं आपटताय. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात, वारसा आणि त्या माणसाची चौकशी. पत्रक हातात आल्याशिवाय दोन्हीही होऊ शकतात.

वारसाचा अर्ज देताना ‘सकाल’ची, म्हणजे सरकारी कामं मुदतीत करून देण्याच्या कर्नाटकातल्या योजनेची, पोच मिळाली असेल, तिच्यावर लांब नंबर असतो. 2011 च्या सकाल कायद्यात प्रत्येक कामाला मुदत ठरलेली आहे, ती उलटली की वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं आणि उशिराबद्दल दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई आहे. रक्कम छोटी, पण ती अडवणाऱ्याच्या पगारातून जाते, म्हणून टोचते. माझ्या चुलत्याचं काम या अपिलानंतर हललं.

दुसरं म्हणजे लोकायुक्त. 2016 साली एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) नव्यानं स्थापन करून लोकायुक्तांच्या पोलिसांचे हात बांधले होते. 11 ऑगस्ट 2022 ला उच्च न्यायालयानं एसीबी रद्द केली आणि अधिकार परत लोकायुक्तांकडं आले. बेळगावात त्यांचं कार्यालय आहे. तुम्हाला जे पत्रक ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारलं, ते चौकशीत लोकायुक्त खात्याकडून मागवून घेऊ शकतात. तुमचं काम फक्त ठोस सांगायचं: घर कुठं, कधी बांधलं, प्लॉट कुठल्या सर्व्हे नंबरात, कुणाच्या नावावर. उतारा भूमीवरून, व्यवहार कधी झाला ते ‘कावेरी’ या दस्त नोंदणीच्या संकेतस्थळावरच्या ईसीवरून (मालमत्तेवरच्या व्यवहारांचा दाखला). ‘सगळे म्हणतात’ यावर तक्रार टिकत नाही. एक प्लॉट जरी कागदानं दाखवलात तरी पुरे. तक्रारीच्या नमुन्यासोबत शपथपत्र लागतं.

आणि पुन्हा पैसे मागितले तर नकार देऊन गप्प बसू नका, आधी लोकायुक्त पोलिसांना सांगा. 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका.

मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे आभार. चिक्कोडीच्या ताई, तुमचं वाचून मी थोडा वेळ थांबले. माझ्या रागात त्याची बायको, मुलं यांचा विचार मी केलाच नव्हता. मला तिचं सोनं बघायचं नाही. मला एवढंच बघायचंय की त्यानं ते घर खात्याला कळवलंय का.

सकालची पोच सापडली. आईनं देव्हाऱ्याखालच्या पिशवीत, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत घडी घालून ठेवली होती. तिला वाटत होतं ती पैसे भरल्याची पावती आहे. मुदत कधीच उलटून गेलीय.

एफडीए काका, एक विचारू का? पत्रक देत नाहीत. पण पत्रक दिलंय की नाही, हे तरी विचारता येईल का? आणि मराठीत अर्ज चालेल का? दर वेळी शेजारच्या पोराला बोलवायचं म्हणजे सगळ्या गल्लीला कळतं.

निवृत्त एफडीए, टिळकवाडी:

बरोबर प्रश्न विचारलात, ताई. असंच विचारा: अमुक पदावरच्या कर्मचाऱ्यानं गेल्या चार वर्षांची मालमत्ता पत्रकं सादर केली आहेत काय, कुठल्या तारखांना, आणि आवक नोंदवहीत त्याची नोंद आहे काय. आतला मजकूर मागू नका. घर बांधायला खात्याची मंजुरी घेतली होती काय, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच, हेही जोडा. नियम पाळला गेला की नाही ही खात्याच्या कामाची माहिती आहे, त्या माणसाच्या घरातली नव्हे. तरीही नाकारतील, तर अपिलात तुमची बाजू पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम असेल. पगार तर मागावाही लागत नाही. कलम 4 प्रमाणे प्रत्येक कचेरीनं आपल्या कर्मचाऱ्यांचा मासिक पगार स्वतःहून जाहीर करायचा असतो.

भाषेचं असं आहे. गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडं मराठीत मांडायचा हक्क संविधानाच्या कलम 350 नं दिलाय. त्यामुळं उशिराबद्दल वरिष्ठांना साधा तक्रार अर्ज करायचा तर तो बिनधास्त मराठीत लिहा आणि पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथं कन्नडमध्ये. हिंदी देवनागरीतच आहे, तुम्ही स्वतः वाचून सही करू शकाल, शेजारच्या मुलाची गरज नाही. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, एवढं पाळा, नाहीतर त्याच कारणावरून परत पाठवतात.

मसुदा मी उद्या रात्री इथंच टाकतो, शब्द मोजून. सकालचं अपील त्याच्यासाठी थांबवू नका, सोमवारीच द्या.