स्त्री-पुरुष गायक, सतार आणि षड्जाचा प्रश्न: हौशी मैफिलीतले एकत्र सादरीकरण कसे बांधावे?

प्रश्न

प्रौढ वयात शास्त्रीय संगीत शिकू लागलेले आम्ही नऊ जण एका हौशी मैफिलीत वीस मिनिटांचे एकत्र सादरीकरण करणार आहोत. चार स्त्रिया आणि दोन पुरुष गाणार आहेत. उरलेले तिघे सतार, संवादिनी आणि तबला वाजवतात. स्त्रिया एरवी काळी चारमध्ये गातात, म्हणजे संवादिनीची ती पट्टी षड्ज (सा) मानून, पुरुष काळी एकमध्ये, आणि सतारही काळी एकलाच मिळवलेली असते. मध्यममार्ग म्हणून आम्ही पांढरी तीन हा षड्ज धरून पाहिला, तेव्हा स्त्रियांचा मध्य षड्ज दबू लागला, पुरुषांची तार सप्तकात ओढाताण झाली आणि सतारीच्या तारा इतक्या चढवायला वादक तयार झाले नाहीत. एखादे सोपे समूहगीत निवडण्याचा पर्याय आहेच. परंतु इतकी वर्षे राग शिकल्यानंतर मंचावर रागच मांडावा, अशी सर्वांची इच्छा आहे. सर्वांना सामावून घेणारी मांडणी कोणी सुचवू शकेल का?

पहिले उत्तर

मधला षड्ज ही तडजोड वरवर न्याय्य वाटते, पण तीत कोणाचाच आवाज खुलत नाही. त्यापेक्षा काळी चार हाच षड्ज ठेवून पुरुषांनी एक सप्तक खाली गावे. काळी चारचा खालचा षड्ज म्हणजे पुरुषांच्या नेहमीच्या षड्जाच्या हिशेबाने मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, आणि स्त्रियांबरोबर गाताना त्यांना लागणारा वरचा षड्ज म्हणजे त्यांचा मध्य पंचम. त्यामुळे उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, फिरणारी बंदीश असेल तर पुरुषांना ती सहज पेलते. स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) मंद्रात उतरू लागली की मात्र त्यांचे सूर ऐकूच येणार नाहीत. बंदीश निवडताना तिच्या सौंदर्याआधी तिची व्याप्ती तपासावी, हे माझे स्पष्ट मत आहे. सतारीचा प्रश्न यातून सुटत नाही, हे मान्य आहे. सतारवादकाने सुरुवातीची पाच मिनिटे स्वतंत्र वादन करावे, असे मला वाटते.

दुसरे उत्तर

सतारवादकाला वेगळे बसवण्याची गरज नाही. उलट आपल्या अडचणीची किल्ली सतारीतच आहे. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वादनाची, तार मध्यमाला मिळवलेली असते. काळी एक हा षड्ज धरला तर तो मध्यम काळी तीनवर येतो. स्त्रियांनी काळी चार सोडून काळी तीन हा षड्ज घेतला, म्हणजे केवळ दोन स्वरस्थाने खाली आल्या, तर पुरुषांचा मध्यम हाच त्यांचा षड्ज होतो आणि पुरुषांचा षड्ज त्यांचा पंचम होतो. पंडित जसराज यांनी रूढ केलेल्या जसरंगी जुगलबंदीचा पाया हाच आहे: मूर्च्छनेच्या (त्याच सुरांतला दुसरा सूर षड्ज मानण्याच्या) तत्त्वाने स्त्री आणि पुरुष आपापल्या षड्जात दोन वेगळे राग गातात, आणि प्रत्यक्षात दोघे तेच सूर वापरत असतात.

आपल्यासाठी आभोगी आणि कलावती ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. आभोगीत षड्ज, रिषभ, कोमल गांधार, मध्यम आणि धैवत हे पाचच स्वर आहेत. त्याच्या मध्यमाला षड्ज मानले की धैवताचा गांधार होतो, षड्जाचा पंचम, रिषभाचा धैवत आणि कोमल गांधाराचा कोमल निषाद, म्हणजे कलावती तयार. संवादिनीवादकाला तर संपूर्ण कार्यक्रमात काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन आणि काळी पाच एवढ्याच पट्ट्या लागतील. सतारीचे पडदे आणि तरफा (आपोआप झंकारणाऱ्या खालच्या तारा) एकदा आभोगीसाठी लावल्या की कलावतीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

तानपुऱ्याचेही गणित जुळते. आभोगीत पंचम वर्ज्य असल्यामुळे पुरुषांचा तानपुरा मध्यमाला लावायचा, स्त्रियांचा पंचमाला. दोन्हींत काळी एक आणि काळी तीन हेच दोन सूर येतात, फक्त त्यांतला मुख्य कोणता हे बदलते. तबला मात्र काळी एकला लावावा. तो काळी तीनला लावला तर पुरुषांच्या कानात त्यांचा मध्यमच षड्ज होऊन बसण्याचा धोका आहे.

तिसरे उत्तर

ही कल्पना मला आवडली, पण एक इशारा द्यावासा वाटतो. जसरंगी ऐकायला सोपी वाटते ती गाणाऱ्यांच्या तयारीमुळे. शिकणाऱ्या गायकाचा कान समोरून येणाऱ्या षड्जाकडे ओढला जातो आणि पुरुष आभोगी गाता गाता नकळत कलावतीत शिरतात. त्यामुळे दोन्ही गटांनी एकाच वेळी विस्तार करू नये. आधी स्त्रियांनी कलावती पूर्ण मांडावा, नंतर सतारीने त्याच्या पंचमावर थांबून तोच सूर पुरुषांच्या हाती षड्ज म्हणून द्यावा आणि मग आभोगी सुरू व्हावा. श्रोत्यांना राग बदलल्याचा जो सुखद धक्का बसेल, तो दोघांच्या सरमिसळीत बसणार नाही.

वेळेचा हिशेब आवर्तनांत, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांत, करावा. सोळा मात्रांच्या मध्यलय तीनतालात मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक आवर्तन ८ सेकंदांचे होते. प्रत्येक गायकाला आठ आवर्तने दिली, तर सहा जणांचे मिळून साडेसहा मिनिटांपेक्षा थोडे कमी होते, म्हणजे बंदिशींना आणि सतारीला भरपूर जागा उरते. ज्यांना आयत्या वेळी तान सुचत नाही त्यांनी ती बांधून पाठ करावी. हौशी मंचावर यात कमीपणा काहीही नाही.

एकत्र गायचे ते फक्त शेवटच्या तिहाईत, म्हणजे तीनदा म्हणून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) संपणाऱ्या तुकड्यात. स्त्रियांनी कोमल निषाद, धैवत, पंचम, गांधार, षड्ज असे उतरावे आणि पुरुषांनी तार कोमल गांधार, तार रिषभ, तार षड्ज, धैवत, मध्यम असे. स्वरनामे वेगळी असली तरी हे पाचही सूर तंतोतंत एकाच उंचीचे आहेत. प्रत्येक स्वराला एक मात्रा, दोन आवृत्त्यांमध्ये एक मात्रा विश्रांती, म्हणजे एकूण १७ मात्रा. समेवरून उचलले की शेवटचा स्वर पुढच्या समेवर पडतो. तालमीत ही तिहाई आधी बोलून, हाताने ताल देत पक्की करावी आणि मगच सुरात घ्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे आभार. कालच्या तालमीत कलावतीकडून आभोगीकडे जाण्याचा प्रयोग करून पाहिला. सतारीने पंचम धरताच पुरुषांना षड्ज अनायासे मिळाला. स्त्रियांनीही काळी तीन आनंदाने मान्य केली आहे. आता एकच शंका उरते: सहा गायकांना सहा ध्वनिक्षेपक मागावेत का?

तिसऱ्या उत्तरकर्त्याकडून

मागू नयेत. दोन गायकांत एक पुरेसा आहे. जितके ध्वनिक्षेपक उघडे राहतात तितका तबल्याचा आणि सभागृहाचा आवाज त्यांत शिरतो आणि शिट्टी वाजण्याची शक्यताही वाढते. त्याऐवजी मंचावर आपल्याकडे तोंड करून ठेवलेला एक स्पीकर आवर्जून मागावा आणि त्यातून तानपुरा व संवादिनी एवढेच सोडायला सांगावे. तबल्याला गायकांच्या इतके जवळ बसवावे की तो थेट ऐकू येईल, आणि सर्वांनी अर्धवर्तुळात असे बसावे की तबलावादकाचा हात प्रत्येकाला दिसेल. उत्साहाच्या भरात लय वाढते ती बहुधा पहिल्या दोन-तीन आवर्तनांत, म्हणून ठरलेली लय मोजून देण्याचे काम तबलावादकाकडेच ठेवावे आणि मंचावर ते दुसऱ्या कोणी करू नये.