एका अपयशावरून सगळंच ठरवून टाकणं : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
भाची दहावीच्या पूर्वपरीक्षेत बीजगणितात नापास झाली. रात्री फोनवर रडत म्हणाली, "मावशी, मला कशातच काही येत नाही." बाकी विषयांत छान मार्क आहेत पोरीला! ऐकलं आणि आमचा दादा आठवला. बँकेच्या परीक्षेत एकदाच राहिला, आणि 'आपल्या घरात कुणाला नोकरी लागायचीच नाही' म्हणत पुन्हा फॉर्मच भरला नाही. त्याच्याइतका हुशार मुलगा आमच्या आळीत नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एरन बेक यांनी १९६३ साली नैराश्यातल्या रुग्णांच्या विचारांत हेच नोंदवलं होतं, एका घटनेवरून सगळ्यावरच शिक्का. तुमच्याकडे असं घडलंय? लिहा, भाचीला वाचून दाखवायचंय.

ओलीमाती
घाटात गाडी बंद पडली, मागून हॉर्नच हॉर्न. नवऱ्याच्या आधी मीच म्हटलं, बायकांना जमतच नाही हे. नणंद शेजारी होती. म्हणाली, "वहिनी, मग पुण्यापासून इथवर कोण चालवत होतं?" हाफ क्लच तिनंच शिकवला. आता ताम्हिणी मीच चढवते.

तिसरा_मजला
बोर्डात बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. पास व्हायला एकत्र ३५ लागतात. भूमिती कशी आहे तिची?

चाफेकळी
मला सगळं नाही पटत. रंगावरून लागोपाठ नकार आले तेव्हा 'तू फार नकारात्मक विचार करतेस' हेच ऐकवलं सगळ्यांनी. नकार खरे होते, माझ्या मनाचे खेळ नव्हते.

रानजाई
खरंय गं चाफे. वाईट वाटलं वाचून.

चाफेकळी
'मी कुणालाच आवडणार नाही' हे मात्र कुणी म्हटलं नव्हतं, ते मी जोडलेलं. समुपदेशक ताईंनी वहीत दोन रकाने आखायला लावले. एकात घडलं ते, दुसऱ्यात मी त्यावरून ठरवलं ते. दुसरा कायम लांबलचक भरायचा.

जुनीसायकल
शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. पोरीचे विषय तसे नाहीत. कुकर झालाय, नंतर लिहितो.

तिसरा_मजला
रडणं थांबतच नसेल तर टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलतात.

ओलीमाती
अडलंय काय तिचं? अंकगणिती श्रेढी असेल तर माझी लेक शिकवेल.

रानजाई
वर्गसमीकरणं! भूमिती बरी आहे. संध्याकाळी चालेल?

ओलीमाती
आठनंतर. तोवर तिचा क्लास असतो.