सीटचं टोक किती खाली ठेवायचं? हात बधिर होतायत

रानवाट_पुणे
मंडळी, हायब्रिड सायकल आहे, सकाळी कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन येतो. तासाभरात खाली नाजूक जागी मुंग्या यायच्या म्हणून दुकानात दाखवली, तिथल्या पोराने सीटचं टोक चांगलंच खाली केलं आणि म्हणाला आता बिनधास्त चालवा. मुंग्या गेल्या खऱ्या, पण आता सारखं पुढे घसरायला होतं आणि तळहाताची करंगळीकडची बाजू बधिर पडते. जेल कव्हर घेऊ का सीटच बदलू? की हँडल वर घेऊ?

चेनगार्ड
काही घेऊ नका आत्ता. हातांचं दुखणं सीटमुळेच आहे. टोक खाली गेलं की अंग पुढे घसरतं, ते मागे रेटायचं काम हात करतात आणि करंगळीकडे जाणारी नस तळव्यात हँडलवर दाबली जाते. उलट टोक वर असलं की सगळा दाब पुढच्या मऊ भागावर, म्हणजे तुमच्या आधीच्या मुंग्या.

पण टोकाला हात लावायच्या आधी उंची बघा. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं की पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवी डुलते आणि मग टोक कितीही खालीवर करा, टोचणारच. खूप जणांचं खरं दुखणं हेच असतं आणि टिल्टला (म्हणजे सीटच्या कलाला) उगाच शिव्या बसतात.

मग सपाट फरशीवर सायकल उभी करा, सीटवर लांबीत एक पुठ्ठ्याचं जाड पुस्तक सपाट ठेवा (सीटला बाक असतो, नुसता फोन ठेवला तर भलताच आकडा येतो) आणि त्यावर फोनमधलं लेव्हलचं ॲप किंवा गवंड्याची पाणसळ. आधी शून्य अंश, म्हणजे एकदम सपाट करा, दोन-तीन राइड मारा, मग लागलंच तर एक अंश खाली, फार तर दोन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि बोल्ट सैल करायच्या आधी सीटखालच्या दांड्यांवर टेपने खूण करा, नाहीतर सीट पुढेमागे सरकते आणि मग कशाने फरक पडला तेच कळत नाही.

सह्याद्री_पेडल
+१. जेल कव्हर तर अजिबात नको. बसायची हाडं त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका तिथेच दाबतो. पॅडेड शॉर्ट्स घ्या, आत अंडरवेअर न घालता.

रानवाट_पुणे
धन्यवाद! पण घाट चढताना तर टोक वरच आल्यासारखं वाटतं, मग चढासाठी थोडं जास्त खाली नको का?

चेनगार्ड
वाटतं नाही, येतंच. ८ टक्के चढावर अख्खी सायकल साडेचार अंशांनी मागे कलते. पण सेटिंग सपाट रस्त्याचं ठेवा, चढावर कोपरं वाकवून थोडं पुढे झुका. सगळी राइड घाटातच असेल तर अर्धा-एक अंश जास्त चालेल. आणि हो, बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही तासन्‌तास राहत असेल तर इथे विचारत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

निवांत_नाशिक
मी ड्रॉप हँडलवर (रेसिंग सायकलचं खाली वळलेलं हँडल) अडीच-तीन अंश खाली ठेवते, पुढे वाकून बसावं लागतं म्हणून. तुमच्या सरळ बसायच्या हायब्रिडला एवढं लागणार नाही. रेसवाल्यांना तर यूसीआयच्या (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात ९ अंशांपर्यंत मुभा आहे, त्यांचं बघून आपण करायचं नसतं 😄

रानवाट_पुणे
उंची बरोबर निघाली. शून्यावर घसरणं बंद, हातही बरे, पण मुंग्या किंचित आहेत. एक अंश खाली करायला गेलो तर एकदम तीन-चार अंशांची उडी मारतं, मधे थांबतच नाही.

चेनगार्ड
एकच बोल्ट आहे ना? सीट पकडून ठेवणाऱ्या त्या क्लॅम्पला दाते असतात, दात्यावरून दात्यावरच जातो. जोर लावून मधे अडकवू नका, दाते झिजले की खड्ड्यात सीट आपोआप वाकेल. दोन बोल्टवाला सीटपोस्ट (सीटखालचा उभा दांडा) घ्या, मागचा थोडा सैल करून पुढचा आवळला की टोक हवं तेवढंच खाली येतं. व्यास बहुतेक जुन्या पोस्टवरच कोरलेला असतो, २७.२ की ३०.९ की ३१.६ मिमी, तो बघूनच घ्या.