मदत हवी आहे: दिवाळी अंकाच्या जाहिरातीतला काळा मजकूर चार रंगांत गेलाय

एका दिवाळी अंकासाठी पूर्ण पानाची जाहिरात द्यायची आहे. फोटो ३०० डीपीआय, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (पान कापताना जाणारी जास्तीची कड), छपाईसाठीची पीडीएफ/एक्स-१ए फाइल; इथवर सगळं ठीक. जाहिरात आधी इन्स्टाग्रामसाठी आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) केली होती. डिझायनरने तीच थेट सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शाईंत) बदलली आणि काळी अक्षरं फक्त काळ्याऐवजी चारही शाईंच्या प्लेट्सवर गेली. अॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० दिसतं, म्हणजे एकूण ३०० टक्के शाई. मजकूर ८ पॉइंटचा आहे. प्लेट केसभर जरी सरकली, तरी रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं फुटणार. देवनागरीत हे फार चटकन दिसतं.

मूळ फाइल मिळणार नाही, डिझायनरची हार्ड डिस्क गेली. हातात फक्त ही पीडीएफ आहे आणि अक्षरं कर्व्ह केलेली (आकृत्यांत बदललेली) आहेत, त्यामुळे फॉन्टचा प्रश्न नाही. अॅक्रोबॅट प्रोमधलं 'प्रिझर्व्ह ब्लॅक' (रंग बदलताना काळा तसाच ठेवणारा पर्याय) करून पाहिलं, पण रंग आधीच सीएमवायकेत असल्याने फरक पडला नाही. इलस्ट्रेटरमध्ये 'सेम फिल कलर'ने निवडून फक्त ब्लॅक १०० केलं. बारीक मजकूर सुधारला, पण सावली दिलेल्या दोन ओळी फ्लॅटन होऊन (मागच्या फोटोत एकजीव होऊन) फोटोचेच तुकडे झाल्यात, त्या निवडल्याच जात नाहीत.

इनडिझाइन माझ्याकडे नाही. फाइल शुक्रवारी द्यायची आहे. मागच्या फोटोला धक्का न लावता त्या दोन ओळी फक्त काळ्या प्लेटवर आणता येतील का, की तेवढा भाग फोटोशॉपमध्ये साफ करून ओळी नव्याने टाइप कराव्या लागतील?